टिंबवाल्यांचं काय करायचं?

लिनक्सवाल्या माणसाला बॅकअपचं कधी विचारू नये. "आरसिंक मार ना, एका ओळीचं काम" (आरसिंक म्हणजे फाइल्स कॉपी करणारी कमांड) एवढं बोलून तो मोकळा होतो, ती ओळ कुठली ते काही सांगत नाही.

होम फोल्डर उघडला की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स अशी सभ्य मंडळी दिसतात आणि वाटतं हात्तिच्या, एवढंच तर आहे. मग कंट्रोल एच दाबायचं. नावाआधी टिंब लावून लपून बसलेलं अख्खं गणगोत बाहेर येतं, डॉट कॅशे, डॉट कॉन्फिग, डॉट लोकल, डॉट एसएसएच, शिवाय कधीच उडवलेल्या प्रोग्रॅम्सचे फोल्डर, कारण प्रोग्रॅम पर्ज केला, म्हणजे सेटिंगसकट काढला, तरी होममधल्या सामानाला कोणी हात लावत नाही. कॅशे म्हणजे प्रोग्रॅम्सचं तात्पुरतं सामान, ते सोडलं तरी चालतं, परत तयार होतं. पण डॉट लोकलमध्ये शेअर, शेअरमध्ये ट्रॅश, म्हणजे आपणच डिलीट केलेल्या फाइल्सचा आपण बॅकअप घेत असतो, तेही मनोभावे!

पेन ड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर वेगळीच गंमत. ४ जीबीची एक फाइल तिला जात नाही, आणि लिनक्सच्या परमिशन्स, म्हणजे कोणती फाइल कोणी वाचायची-बदलायची ते, तिला माहीतच नाहीत. तिथून परत आणलेली एसएसएचची की (दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची गुप्त किल्ली) बघून एसएसएच म्हणतं ही तर सगळ्यांना वाचता येते, मी नाही वापरणार जा. बरोबरच आहे म्हणा त्याचं. डिस्क एक्स्ट ४ या लिनक्सच्या फॉरमॅटची केलेली बरी.

राहता राहिलं आरसिंक. १९९६ पासून आहे, फाइलचा बदललेला तेवढाच भाग नेटवर्कवरून पाठवायची त्याची युक्ती खरंच भारी, पण स्वभाव खाष्ट. सोर्सच्या शेवटी स्लॅश दिला तर आतलं सामान नेणार, नाही दिला तर फोल्डरसकट उचलणार. डॅश डॅश डिलीट लावलं की सोर्समध्ये नाही ते डेस्टिनेशनमधूनही साफ, आणि समजा दोघांची अदलाबदल झाली अन् डिस्क रिकामी असली तर होमही तितकंच रिकामं. म्हणून मी आधी डॅश एनव्ही लावतो, त्यात ते काहीही न करता नुसतं काय करणार ते सांगतं. भराभर ओळी सरकतात, मी गंभीरपणे मान डोलावतो, वाचत एकही नाही.

त्यातच 'जुना लॅपटॉप होम' नावाचा एक फोल्डर सरकताना दिसला. त्याच्या आत त्याच्याही आधीच्या लॅपटॉपचं होम. त्याच्या आत ट्रॅश, भरलेला. गेला तोही बॅकअपमध्ये, डॅश ए लावून, तारखा-परमिशन्ससकट.