एकदा तपासून गेलेली बाई परत का येत नाही

स्तनांच्या तपासणीला बायका दुसऱ्यांदा येत नाहीत, याचं मीटिंगमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘जागृती नाही’. मला ते पटत नाही. जी एकदा येऊन गेली, तिला तपासणी ठाऊक आहे. ती परत येत नाही म्हणजे पहिल्या वेळीच काहीतरी बिनसलं.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हायला हवी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते: छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का. पुढचं काम उपकेंद्रातल्या सिस्टरचं नाहीतर सीएचओचं, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी अशी तपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के.

आता उपकेंद्राची खोली बघा. लसीकरणाचा दिवस, दाराला पडदा नाही, बाहेर बाकावर सासू. बाई खुर्चीवर बसलेली आणि ब्लाउजवरूनच चिमटीत धरून बघणं चाललेलं. चिमटीत धरलं की साधी दुधाची ग्रंथीसुद्धा गाठच वाटते, आणि खोलवरची खरी गाठ सुटून जाते.

नीट तपासायचं तर आधी नुसतं बघायचं: हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कातडी ओढली जाते का, एक बोंड आत गेलंय का, ते यातच दिसतं. मग बाईला झोपवायचं, खांद्याखाली घडी केलेलं लुगडं, हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांची पेरं सपाट ठेवून लहान लहान गोल, प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत. गळ्याच्या हाडापासून खाली, परत वर, शेतात तास धरावं तसं. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची खोबण. दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटं तरी लागतात. पाळी येत असेल तर सुरू झाल्यापासून आठवड्याने यावं, त्याआधी छाती जड आणि दुखरी असते. हे बहुतेकींना कोणी सांगतच नाही.

चिमटीतल्या त्या ‘गाठी’साठी बाईला जिल्ह्याला धाडतात. एका फेरीत चिठ्ठी, दुसरीत सोनोग्राफीची तारीख, तिसरीत सुई (गाठीतला नमुना घ्यायला), चौथीत रिपोर्ट. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण चार दिवसांची मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाची मजुरी कोण देणार? शेवटी ‘काही नाही, साधी गाठ आहे’ ऐकून ती घरी येते. खरं तर ही चांगली बातमी. पण कापसाच्या वेचणीला अख्खा गट तिला विचारतो, ‘काय निघालं वो?’, आणि ‘चार फेऱ्या झाल्या, निघालं काहीच नाही’ हे तिचं उत्तर ऐकून पुढच्या वेळी दहाजणी घरी बसतात.

सीएचओ पुरुष असेल तर बायका नाही म्हणतात. त्यात लाजरेपणा शोधू नका, त्या दिवशी शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर बोलवा.

‘दुखत नाही तं कायले जाऊ?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. हळदीचा लेप, बिब्बा यांत महिने जातात आणि दुखायला लागेपर्यंत काखेतही गाठ आलेली असते.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा रुग्णालयाच्या मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी तपासत होत्या. तिथे पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मध्ये पाच वर्षं गेली की बाईही विसरते, रजिस्टरही.

शिबिर दिवाळीनंतर कापसाच्या भरात लावू नका, मृगाच्या पेरणीतही नको. वेचणी उलगली की फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. खोलीत दोरी आणि चादर बांधा, सासूला चहाला बसवा. जिल्ह्याला पाठवताना आधी फोन करून सोनोग्राफी आणि सुई एकाच दिवशी ठरवा. आणि ‘नॉर्मल’ निघालेल्या बाईच्या कार्डावर पुढच्या तपासणीचा महिना लिहून द्या. तारीख ध्यानात राहत नाही, ‘तुरी निघाल्यावर’ राहतं.