टँकरच्या तालुक्यात रेन डान्स

ज्या शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे आता कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. तरीही तिथल्या एका ‘पर्यावरणपूरक कौटुंबिक रिसॉर्ट’च्या चालकांना ते एक तर ठाऊक नसावे किंवा ठाऊक असूनही त्याचे काही वाटत नसावे. मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो, ते चार झाडे, थोडी शांतता आणि चुलीवरची भाकरी एवढ्याच अपेक्षेने.

स्नानगृहात आरशाखाली एक पाटी होती: पाणी अमूल्य आहे, कृपया टॉवेल रोज धुवायला टाकू नका. ही विनंती रास्तच होती आणि आम्ही ती पाळलीही. मात्र त्याच खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पटांगणात दुपारपासून संध्याकाळपर्यंत रेन डान्सचे फवारे अखंड चालू होते. बाजूला भलामोठा जलतरण तलाव होता आणि भर उन्हात विलायती हिरवळीवर तुषार सिंचन चालले होते. ज्या मातीत नाचणी, वरई आणि भात पिकतो, तिथे मे महिन्यात लॉन हिरवेगार ठेवायला किती पाणी ओतावे लागत असेल, याचा विचार पाटी लिहिणाऱ्याने केला होता काय? पाहुण्याने टॉवेल दोन दिवस वापरायचा आणि मालकाने पाणी उधळायचे, अशी ही पर्यावरणाची वाटणी!

बाकीच्या गोष्टींबद्दल तर बोलायलाच नको. बांबूचा दात घासायचा ब्रश प्लास्टिकच्या वेष्टनात होता. राज्यात 2018 सालीच बंदी आलेल्या थर्माकोलच्या ताटल्यांत मुलांना भजी मिळाली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवू नये हा नियम देशभर लागू असताना, डीजेच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत थरथरत होत्या. रातकिड्यांचा आवाज ऐकवायला मुलांना इतक्या लांब आणले होते, तो काही कानावर पडला नाही. (चुलीवरची भाकरी मिळाली, ती मात्र उत्तम होती आणि ती करणाऱ्या बाई शेजारच्याच पाड्यावरच्या होत्या. त्यांच्या घरी पाणी टँकरनेच येते, हे त्यांनीच सांगितले.)

निघताना बिलात ‘हरित शुल्क’ नावाची एक रक्कम दिसली, म्हणून मी व्यवस्थापकांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आपण टँकर घेतच नाही. सगळं पाणी आपल्या स्वतःच्या बोअरवेलचं आहे.” जणू त्यांच्या कुंपणाच्या आतल्या जमिनीखाली वेगळा, खाजगी पाणीसाठा आहे आणि पाड्यावरची विहीर आटते तिचा या खोल बोअरशी काही संबंधच नाही! रक्कम कमी करण्यास त्यांनी नकार दिला, आणि वर पावसाळ्यातल्या आगाऊ नोंदणीवर सवलत आहे, असेही ऐकवले.