हा 'नवा बोजा' नाही

'कंत्राटदाराने पगार बुडवला तर त्याचा भुर्दंड कंपनीने का सोसायचा? हा उद्योगांवर नवा बोजा आहे,' हे कंत्राटी कामगारांच्या पगारावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. नवा कसला? कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, २०२५ पर्यंत लागू असलेला. त्याच्या कलम २१ मध्येच लिहिलं होतं की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्या कंपनीचं काम चालतं तिने, द्यायची आणि मग कंत्राटदाराच्या बिलातून वळती करून घ्यायची. २०१९ च्या वेतन संहितेतही ही जबाबदारी आहेच.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात स्टोअरला होतो. पगारवाटपाच्या वेळी कंपनीचा माणूस हजर हवा, असं हाच कायदा सांगायचा. आमच्याकडे मात्र पगारवाटपाची रजिस्टरं टेबलावर यायची आणि साहेब न बघता सह्या मारायचे. कंत्राटदार दोन महिन्यांची मजुरी बुडवून पळाला, तेव्हा ३२ हमाल गेटवर उभे होते आणि आत उत्तर एकच: 'ती आमची माणसं नाहीत.' माल आमचा, हुकूम आमच्या सुपरवायझरचे, माणसं तेवढी परकी! शेवटी कामगार अधिकाऱ्यांनी त्याच सह्या पुढे ठेवल्या, तेव्हा कुठे पैसे निघाले. तोवर सहाजण गावी निघून गेले होते.