रानच्या सरबतालाही माप लागतं

पळस फुलला की हा निरोप गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो चारदा आला. त्यातला दावा थोडक्यात असा: रानातली फुलं, पानं, फळं नैसर्गिक, म्हणून त्यांच्या सरबताचा अपाय शून्य. काही विषारी असलंच तर उकळल्यावर जातं. गूळ घातला की शुगरवाल्यांनाही चालतं. तांब्याच्या भांड्यात ठेवलं की गुण वाढतो आणि वर्षभर टिकतं. रोज प्यायलं तर ऊन लागत नाही, बीपीच्या गोळ्या सुटतात. आणि शेवटी, हे सगळं म्हणे आपल्या आज्यांचं ज्ञान.

मी पांढरकवड्याकडची. बेल, कवठ, कैरी, अंबाडी, मोह यांची सरबतं न् पाक दरवर्षी करते, पिते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजते. म्हणूनच हा निरोप वाचून जीव तुटतो. माझ्या आजीच्या हाताला माप होतं. ह्यात एकही माप नाही.

टिकण्यापासून सुरू करते, कारण ते मी भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मोहाचा पाक केला होता. पहाटे वेचलेली फुलं तीन पाण्यांनी धुतली, गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवली, फडक्यातून पिळली आणि रस आटवायला ठेवला. त्या दिवशी घाई होती. पाक बोटाला चिकटत होता, तार धरत नव्हता. तसाच काचेच्या बाटलीत भरला, झाकण घट्ट पिळलं आणि फडताळात ठेवून दिला. आठवडाही झाला नसेल, रात्री फट्टकन आवाज झाला. सकाळी बघते तर खालच्या पिठाच्या डब्यापर्यंत काचा. तो डबा उघडा असता तर त्याच पिठाच्या भाकरी पोरांनी खाल्ल्या असत्या.

मोहफुलात मुळातच साखर भरपूर. पातळ रसात खमीर भराभर वाढतं, वायू सुटतो आणि त्याला वाट मिळाली नाही तर तो बाटली फोडतो. याच गुणावर मोहाची दारू निघते. राज्य सरकारने 2021 मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवल्यापासून पाक, लाडू, जॅम करून बघणाऱ्या बाया वाढल्या आहेत, त्याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्या हाती हा निरोप पडायला नको.

पाक टिकतो तो साखरेच्या प्रमाणावर. वजनाने साधारण 65 टक्के साखर हवी. साधा हिशोब म्हणजे किलोभर साखरेला अर्धा लिटर पाणी किंवा रस. एवढ्या दाट पाकात साखर पाण्याला बांधून ठेवते, बुरशीला न् खमिराला ते मिळत नाही. रस आंबट असला तर आणखी बरं. दुकानातल्या स्क्वॅशमध्ये साखर याहून पुष्कळ कमी असते, म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किंवा सोडियम बेंझोएट ही टिकवणारी रसायनं मोजून घालतात. (अंबाडी-जांभळासारख्या लाल-जांभळ्या रसात बेंझोएटच, कारण मेटाबायसल्फाइटने रंग उडतो.) घरी साखर कमी घालायची असेल तर जरूर घाला, पण मग बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. वर्षभर टिकवायचं ही हौस तिथं सोडावी लागते.

तांब्याच्या भांड्याचा मुद्दा तर आज्यांच्या नावाने सांगूच नये. आंबट वस्तू तांब्या-पितळेत ठेवली की कळकते, हे कल्हईवाला दारावर यायचा तेव्हा पोराटोरांनाही ठाऊक होतं. कल्हई लावायची ती त्यासाठीच. कैरी, अंबाडी, चिंच, कवठ, सगळ्यांत आम्ल. ते तांबं विरघळवतं आणि प्यायलेल्याला मळमळ, उलट्या, पोटात पीळ. तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी वेगळं आणि रात्रभर ठेवलेलं पन्हं वेगळं. स्टील, काच नाहीतर चिनी मातीची बरणी घ्या.

आता उकळण्याचं. उकळल्याने जंतू मरतात. झाडाचं विष मरतंच असं नाही. धोतऱ्याचं मरत नाही. कण्हेरीचं तर पान वाळवलं तरी, उकळलं तरी राहतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. आपल्या अंगणाअंगणात गुलाबी आणि पिवळी कण्हेर आहे, पिवळीलाच बिट्टी म्हणतात. ‘फुलांचं सरबत’ एवढंच वाचून एखादी नवखी पोरगी कुठलं फूल तोडेल, सांगता येतं का?

ओळखीची गोष्ट जाणत्यांनाही चकवते. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घराघरांत झाले. त्यानंतर 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले काही रुग्ण गुळवेल घेणारे असल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दिसायला सारखी अशी दुसरी वेल घेतली गेली असावी. हा वाद जाणकारांचा आहे. पण मंत्रालयाचं म्हणणं धरलं तरी ‘अपाय शून्य’ कुठं राहतं? वेल ओळखणाऱ्या माणसाला सोबत न्या, आणि शंका आली की तोडू नका.

अंबाडी मात्र सगळे ओळखतात. तिचा धोका वेगळा. आमच्याकडे ती कपाशीच्या बांधाला असते. 2017 च्या हंगामात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. ते औषध बांधापाशी येऊन थांबत नाही. लाल बोंडं धुतली म्हणजे सगळं निघालं असं नाही, काही औषधं झाड आत शोषून घेतं. मी बोंडं फक्त परसातल्या झाडांची घेते. दुसऱ्याच्या बांधावरून घ्यायचीच झाली तर आधी त्याला विचारते, शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली.

गुळाचं चार ओळींत आटपते. गूळही साखरच. रक्तातली शुगर दोन्हींनी चढते. वर सांगितलेल्या पाकाचे दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली, ग्लासात घातले की पाचेक छोटे चमचे साखर पोटात जाते. शुगर असेल त्याने बेलाचा गर पाण्यात हाताने कुस्करून, गाळून, वरून काही न घालता थोडाच घ्यावा. त्याच्या अंगच्या साखरेचाही हिशोब धरायचा. मिक्सरला लावू नका, बिया फुटल्या की कडवट होतो.

अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. थोडा. त्यावर गोळी सोडायची नसते. आणि ऊन लागण्याबद्दल एवढं ठामपणे सांगते की मे महिन्यात पन्ह्याने पाणी-मीठ भरून निघतं, पण अंग तापून माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपू लागली, तर त्याच्या तोंडात सरबत ओतू नये, श्वासनलिकेत जातं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि गाडी काढा. 108 ला फोन त्याआधी.

पाचव्यांदा निरोप आला तेव्हा मी त्याखाली माझ्या कैरीच्या पाकाच्या बाटलीचा फोटो टाकला. वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं: कैरी, साखर किलोला रस अर्धा लिटर, केल्याची तारीख, झाड घरचं. निरोप पाठवणाऱ्या काकूंनी तासाभराने विचारलं, अंबाडीला पण हेच माप का?