खेळण्याआधीच कसं घाबरावं

नव्या सर्व्हायव्हल हॉरर गेमच्या हार्डवेअर रिक्वायरमेंट्स, म्हणजे तो चालवायला कसला पीसी लागेल याचा तक्ता, जाहीर झाल्या आहेत. गेम यायला अवकाश आहे, पण बाजारात तुरी असतानाच भांडायचं असतं. तेव्हा तयारीला लागा.

तक्ता पूर्ण वाचू नका. 'मिनिमम'समोरचं ग्राफिक्स कार्ड तेवढं बघा. ते आपल्यापेक्षा वरचं निघालं तर डेव्हलपर आळशी आहेत, ऑप्टिमायझेशन कुणाला येतच नाही. खालचं निघालं तर ग्राफिक्स मागच्या पिढीचे आहेत, कन्सोलने पीसीला मागे ओढलं. दोन्ही वाक्यं आधीच टाइप करून ठेवा.

मग अंधाराचा मुद्दा काढा. पाऊण स्क्रीन काळी, उजेड काय तो टॉर्चचा, मग एवढं कार्ड लागतं कशाला? हलत्या टॉर्चच्या सावल्या पुन्हा पुन्हा नव्याने मोजाव्या लागतात, हे सांगणारा एखादा भेटेलच. त्याला कंपनीचा माणूस ठरवून मोकळे व्हा.

तक्त्याखालच्या बारीक अक्षरांकडे शक्यतो बघू नका. तिथे 'अपस्केलिंग: क्वालिटी' (म्हणजे लहान चित्र काढून ते फुगवणं) असं काहीतरी असतं आणि इथे कंपनी खरोखरच कात्रीत सापडते. रिझोल्यूशन १०८०पी म्हणायचं आणि डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाचं अपस्केलिंग, क्वालिटीवर ठेवायचं, म्हणजे कार्ड प्रत्यक्षात ७२०पीच काढणार. ४के परफॉर्मन्स मोडवर असेल तर आत चित्र १०८०पीचं. म्हणजे सगळ्यात महागडं कार्ड घेतलं तरी बरंचसं चित्र अंदाजपंचे भरलेलं. त्यात फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स कार्डाने स्वतःच बनवून घालणं) धरून ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम्स, लिहिले असतील, तर निम्म्या फ्रेम्स गेमने काढलेल्याच नाहीत. मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच मांडू नका. लोक विचार करू लागतात आणि भांडण थंडावतं.

त्यापेक्षा कार्डाच्या मेमरीचे जीबी मोजा. माझ्याकडे २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय, ११ जीबीचं. आणि मिनिममला आरटीएक्स २०६०, अवघं ६ जीबीचं! ऑक्टोबर २०२३मध्ये 'अ‍ॅलन वेक २'च्या वेळी हेच झालं होतं. तो गेम मेश शेडर, म्हणजे दृश्यातले आकार कार्डावर हाताळायची नवी पद्धत, वापरत होता आणि ती सोय जीटीएक्स १० मालिकेच्या हार्डवेअरमध्येच नव्हती. जीबीचा प्रश्नच नव्हता. पुढे मार्च २०२४मध्ये एका अपडेटने जुन्या कार्डांवरही तो बराच सुधारला. पण तोवर आपण दुसऱ्या तक्त्यावर चिडलेले असतो.

जुन्या काळाचे दाखले हवेतच. १९९६चा 'रेसिडेंट ईव्हिल' बघा म्हणावं, कसल्या हार्डवेअरवर चालायचा! त्यातल्या खोल्या म्हणजे आधीच रेंडर करून ठेवलेली स्थिर चित्रं होती, हे बोलू नका. १९९९चा 'सायलेंट हिल' तर ठेवणीतला. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. दूरवरचं शहर काढणं त्या यंत्राला झेपेना, म्हणून ते धुक्यात आणि काळोखात दडवलं. तेव्हाच्या लपवाछपवीला कला म्हणायचं आणि आताच्या अपस्केलिंगला फसवणूक, एवढा फरक सांभाळला की झालं. (मला स्वतःला दोन्ही आवडतात, पण असं बोलून दाखवायची सोय नाही.)

एसएसडी सक्तीची केली असेल तर हार्ड डिस्कच्या आठवणीने गहिवरा. फार वेळ नको, तिची बाजू घेणारे कमी झालेत.

गेम आल्यावर तो कसा आहे हे कुणी विचारलं, भीती वाटते का, गोष्ट बरी आहे का, तर अजून बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालू आहे असं सांगा. सुरळीत चालला तर आपण ओरडलो म्हणून त्यांनी सुधारला. अडखळला तर आपण आधीच सांगितलं होतं. अडखळतोय ते अल्ट्रा या सगळ्यात वरच्या सेटिंगवर, हा तपशील गाळा. सेटिंग्जमध्ये मीडियम नावाचाही एक पर्याय असतो, तो इतरांसाठी.