खुलासा: रोमन युद्धनौका साखळदंडातले गुलाम वल्हवत नव्हते

‘रोमन आरमार साखळीने जखडलेल्या गुलामांच्या जिवावर चालायचं’ हा मजकूर चित्रासकट सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. साखळदंडातले वल्हेकरी भूमध्य समुद्रात दिसतात ते मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकातल्या गॅलींवर, म्हणजे वल्ह्यांच्या लढाऊ जहाजांवर.

रोमचे वल्हेकरी गरीब, पण स्वतंत्र माणसं होती. बरेचसे मित्रशहरांतून यायचे. इ.स.पू. 260 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी लढायला रोमने शंभर मोठी जहाजं बांधायला घेतली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की जहाजं तयार होईपर्यंत या लोकांना किनाऱ्यावरच बाकांवर ओळीने बसवलं. मधोमध इशारा देणारा. त्याच्या हाकेसरशी सगळ्यांनी एकदम मागे रेलायचं, हात छातीशी ओढायचे, पुन्हा पुढे झुकायचं. एका मोठ्या जहाजावर असे तीनशे जण लागत. त्यांचा ताल चुकला, की वल्ह्यांवर वल्ही आपटणार! हे कसब होतं, ते चाबकाने येत नाही.

अडीअडचणीला गुलाम घेतलेही. रोमन सेनापती अग्रिप्पाच्या ताफ्यासाठी वीस हजार घेतले, पण त्यांना आधी मुक्त करून. पुढे इटलीतल्या मिसेनम आणि रावेन्ना या नाविक तळांच्या ताफ्यांत 26 वर्षं चाकरी केली, की नागरिकत्व मिळे, ब्राँझच्या पत्र्यावर कोरून. ते पत्रे आजही संग्रहालयांत आहेत.