हवेचा अंदाज देताना प्रदूषकाचं नाव आणि वेळही सांगा

बाहेरची हवा कशी आहे हे बघायला आपण मोबाईल उघडतो, हवा गुणवत्ता निर्देशांकाचा (एक्यूआय) एक आकडा बघतो, त्यामागचा रंग बघतो आणि ठरवून टाकतो. हिरवा असेल तर निघायचं, लाल असेल तर घरात थांबायचं. हा एक आकडा अपुरा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांच्या घरी दम्याचा पेशंट आहे त्यांची तर तो कधी कधी चक्क दिशाभूल करतो. माझ्या घरी आहे. म्हणून हा विषय मला इतका लागतो.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघू. बहुतेक देशांत प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट जो निघेल तोच मुख्य निर्देशांक म्हणून दाखवतात. म्हणजे १५० हा आकडा धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे आलेला असू शकतो, नाहीतर ओझोनमुळे. आकडा तोच, रंगही तोच. पण त्या दिवशी काय करायचं, हे दोन्ही वेळा पार वेगळं असतं.

धुरातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे बारीक असतात. नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात खोल जातात, आणि त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही पोहोचतात. जवळपासचा धूर रात्री आणि पहाटे जास्त साचतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि धूर विरळ होतो. दूरच्या वणव्याचा धूर मात्र बऱ्याचदा उंचावरून वाहत येतो. तेव्हा सकाळ बरी जाते, आणि दुपारी हवा वर-खाली होऊ लागली की तोच धूर जमिनीवर उतरतो. म्हणजे नुसत्या धुराच्या बाबतीतसुद्धा ‘सकाळ वाईट, दुपार बरी’ असा सरसकट नियम सांगता येत नाही.

आता ओझोन. उंचावरचा ओझोनचा थर आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, हे शाळेत सगळे शिकलो. त्या थराला वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, तोही माहीत असतो. पण तोच वायू नाकाच्या उंचीवर आला की श्वासनलिकेचा दाह करतो, खोकला आणतो, छाती आवळते, दम्याचा झटका आणू शकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. वाहनं, वीज केंद्रं आणि कारखान्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साईडं, आणि पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट अशांतून उडणारी सेंद्रिय वाफ, यांच्यावर ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. त्यामुळे तो दुपारी वाढत जातो, उन्हं कलेपर्यंत चढा राहतो आणि संध्याकाळनंतर उतरतो. आभाळ स्वच्छ निळं, समोरचा डोंगर लख्ख दिसतोय आणि ओझोन धोक्याच्या पातळीवर, असं सहज होऊ शकतं. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण नेमक्या त्याच वेळी मुलं मैदानावर धावत असतात. धावताना श्वास खोल आणि जास्त घेतला जातो, म्हणजे निरोगी मुलाच्याही छातीत जास्त ओझोन जातो.

उन्हात ओझोन असा हवेतच तयार होतो, हे शोधून काढणारा माणूस अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता! लॉस एंजेलिसमध्ये १९४३ च्या जुलैत डोळे झोंबवणारं धुरकट धुकं पसरलं, तेव्हा युद्ध चालू असल्याने लोकांना रासायनिक हल्ल्याची शंका आली होती. पुढे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मोटारींचा आणि तेल शुद्धीकरण कारखान्यांचा उत्सर्ग, अधिक ऊन, हे त्याचं मूळ आहे. मोटार उद्योगाने त्यावर बरीच वर्षं वाद घातला. हागेन-स्मिट मागे हटले नाहीत, आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

ओझोनचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. वाहनांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साईड ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून गर्दीच्या चौकात ओझोन कमी आणि शहरापासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या हिरव्यागार गावात जास्त, असं चित्र दिसतं. शहराबाहेर गेलो म्हणजे हवा चांगलीच, हा आपला समज इथे चुकतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले तेव्हा जगातल्या अनेक शहरांत ओझोन चक्क वाढला. यावरून ‘मग वाहनं कमी करून उपयोग काय’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत, आणि तो निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्याच वर्षी उत्तर गोलार्धात जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवरचा ओझोन सुमारे ७ टक्क्यांनी घटला होता. नायट्रोजनची ऑक्साईडं कमी करायचीच, पण सोबत सेंद्रिय वाफेलाही आळा घालायचा, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची चिन्हं चांगली नाहीत. वणव्याच्या धुरात सेंद्रिय वाफा भरपूर असतात. हा धूर वाहनांनी भरलेल्या शहरावर पोहोचला की तिथली नायट्रोजनची ऑक्साईडं त्याला मिळतात आणि ओझोन उसळतो. फक्त धूर फारच दाट असेल तर ऊनच अडतं आणि ओझोन कमी बनतो. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं आणि जूनमध्ये शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्कचं आभाळ नारिंगी झालं. उष्णतेच्या लाटेत झाडं ओझोनला पोसणारी आयसोप्रीनची वाफ जास्त सोडतात, आणि पाण्याअभावी पानांची रंध्रं मिटली की पानांतून शोषला जाणारा ओझोनही हवेतच राहतो. त्यात मिथेन वाढतोय, आणि मिथेन सगळ्या जगाच्या हवेतली ओझोनची मूळ पातळी वर नेतो. गहू आणि सोयाबीनचं पीकही ओझोनमुळे घटतं, म्हणजे हा फक्त दम्याच्या पेशंटांचा प्रश्न नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. ओझोनसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. इथे ‘आठ तास’ हे महत्त्वाचं. दिवसभराचा एकच आकडा सांगून ओझोनची दुपार त्यात बुडवून टाकणं मला मान्य नाही. तंत्रज्ञान नाही अशातला भाग नाही: हवेवर लक्ष ठेवणारी युरोपची कोपर्निकस सेवा साऱ्या जगासाठी पाच दिवस पुढचा कणांचा आणि ओझोनचा अंदाज रोज देते. मग पावसाचा अंदाज जसा ‘दुपारनंतर, अमुक भागात’ असा सांगतात, तसा हवेचाही सांगायला काय हरकत आहे? कोणतं प्रदूषक, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत.

कारण बचाव वेगळा आहे. एन-९५ मास्क कण अडवतो, ओझोन वायू अडवत नाही. घरात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला हेपा फिल्टरही तसाच. उलट खिडक्या बंद केल्या की घरातला ओझोन बराच खाली येतो, कारण भिंती, कापड, फर्निचर यांच्याशी त्याची क्रिया होऊन तो संपतो. बारीक धूर मात्र फटींतून आत येत राहतो आणि फिल्टर नसेल तर तिथेच रेंगाळतो. आणि ‘हवा ताजी करतो’ म्हणून मुद्दाम ओझोन सोडणारं यंत्र कुणी विकायला आलं तर कृपा करून घेऊ नका.

असा अंदाज मिळू लागेपर्यंत एवढं तरी करा. निर्देशांक बघताना आकड्याखाली मुख्य प्रदूषक कोणतं लिहिलंय ते शोधा. तिथे ओझोन असेल तर मुलांचा सराव सकाळी लवकर घ्यायला सांगा. पीएम २.५ असेल तर तासागणिक आलेख उघडून बघा, आणि दिवसभर चढाच असेल तर त्या दिवशी मैदान बंद ठेवा. शाळेत किंवा क्लबमध्ये हा निर्णय घेणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना ही पोस्ट पाठवा.